मार्जिन

रामबागेतल्या माझ्या दुकानात
लाल पुठ्ठ्याची एक वही आहे.
तिच्यात लोकांच्या कमरा आहेत, तारखांसकट.

मुंगी, विमा ऑफिस. तीस.
(आडनाव मुंगी. हसू नका,
आता मीही हसत नाही.)
ते लग्नाचं वर्ष. पट्ट्याला जास्तीचं भोक
मीच पाडून दिलं होतं.
खाली त्याच पेन्सिलीने बत्तीस, चौतीस.
घर बांधलं तेव्हा सदतीस.
मग पेन बदललेलं,
अक्षरही माझं जरा थकलेलं:
त्रेचाळीस.

टेप खोटं बोलत नाही.
मी बोलतो.
मोठ्याने चाळीस म्हणायचं,
वहीत त्रेचाळीस लिहायचं,
गिऱ्हाईक आरशात बघतं, खूश होऊन जातं.
वडिलांनी शिकवलं होतं हे,
काजं करायला शिकवण्याआधी.
आणि शिवणीच्या आत दोन बोटं कापड
राखून ठेवायचं, न सांगता.
माणूस वाढतो.
त्याची सोय.

एका दुपारी मुंगी आला, हातात कापड नाही,
डाव्या बाहीचं बटण उघडं.
स्टुलावर बसला, स्टूल बोललं.
म्हणाला, दवाखान्यात सिस्टरने पट्टा गुंडाळला,
हवा भरली,
आणि पट्टा चर्रकन सुटला, पतंगे, सगळ्यांसमोर.
मग वरच्या मजल्यावरून मोठा पट्टा मागवला.
एकशेशहात्तर. खालचा एकशेआठ.
आणि मला काही होत नव्हतं रे,
डोकं नाही, चक्कर नाही, काही म्हणजे काही नाही!

मला मशीन आठवली.
दोऱ्याचा ताण वाढतो तेव्हा आवाज कुठे होतो?
कापड आतल्या आत गोळा होत जातं,
कळतं तेव्हा अर्धी टीप मारून झालेली असते.

डॉक्टरने त्याला नर्मदेचं सांगितलं म्हणे.
तिकडे जलूदला पंप,
पाणी डोंगर चढून इंदूरला येतं.
शहर वाढत गेलं, कॉलनीमागे कॉलनी,
प्रत्येकीला नळ हवा, प्रत्येकीला टाकी.
"आणि तुमच्या छातीत, मुंगीसाहेब,
पंप अजून तीस कमरेच्या वेळचाच आहे."

मग तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला,
तुला तर माहीत होतं.
दर दिवाळीला माहीत होतं.

मी वही उघडून दिली.
त्याने आकड्यांवरून बोट फिरवलं, वरून खाली,
जिना उतरावा तसं,
पण तो चढत होता.
त्रेचाळीसपाशी बोट बराच वेळ होतं.
बाहेर कुणी गराडू तळत होतं,
वास दुकानात आला,
आम्ही दोघांनीही तो घेतला.

आठ महिने दिसला नाही.
कळत होतं इकडून तिकडून:
सकाळी छत्री बागेपर्यंत चालत जातो,
पोह्यांवर सेव नको म्हणाला तेव्हा
पोहेवाल्याने कढईवरून मान वर करून विचारलं,
भिया, तबियत तो ठीक है?

मग चार पँटी घेऊन आला, पिशवीत कोंबलेल्या.
आत घे.
एकतीस वर्षांत हे वाक्य
माझ्या कात्रीने फारसं ऐकलेलं नाही.
गोळी चालूच आहे, म्हणाला, एक, सकाळची.
वरचा आकडा एकशेचौतीस.
कंबर मी मोजली, आणि जी होती
तीच म्हणालो, मोठ्याने:
साडेचाळीस.
आरशात तो जरा खट्टू झाला.
होऊ दे.

रात्री शिवण उसवली.
राखून ठेवलेली दोन बोटं उघडली,
तेवढाच भाग नवाकोरा, गडद निळा,
ऊन न लागलेला.
मार्जिन कापडाला ठेवता येतं.
नसांना कुठून आणून जोडणार?

शटर अर्धं खाली ओढलं.
टेप स्वतःभोवती घेतली.
स्वतःची कंबर मोजताना
बोटं आपोआप ढिली पडतात, हे माहीत होतं,
म्हणून एकदा घट्ट धरली,
पुन्हा एकदा,
आणि आकडा म्हणालो.

आतून हिने विचारलं,
एवढ्या रात्री कोण गिऱ्हाईक आलंय?