उणे चौदा

हेल्दुरच्या कानांतून आधी नाकतोड्यांची किरकिर गेली,
मग बारक्या पाखरांचे बारके स्वर,
आणि गेल्या हिवाळ्यात लानेप्यूची शीळ.
जंगल मुकं झालं, असं तो म्हणत नाही.
म्हणतो, "तू चल बरोबर. तू ऐक, मी बघतो."

जानेवारी. आलुतागुसेचं रान. उणे चौदा.
सूर्य नऊला उगवून
स्प्रूसांच्या कमरेशीच अडकलेला.
तो पुढे, मी त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाऊल टाकत.
त्याच्या खिशात वडिलांची हाडाची शिट्टी.
वडील हीच वाजवून लानेप्यूला बोलवत, आणि मारत.
"चवीला बरा असतो," एवढंच सांगतो.

चाळीस वर्षं तो वनखात्यात होता,
तोडायच्या झाडांवर लाल फटकारे मारत.
आज एका वाळल्या खोडापाशी थबकतो:
साल ओरबाडलेली, बर्फावर तांबूस भुसा.
वर, डोक्याला हळदीचं बोट लागलेला,
तीन बोटांचा सुतार.
एक ढलपी उडवतो, थांबतो, जरा सरकतो,
घाई कुणी शिकवलीच नाही जणू.
"असली झाडं मी आधी काढायला लावायचो,
मेलेली म्हणून."
मग दुर्बीण पुसत राहतो, पुसून झाली तरी.

ओढ्याकाठी तो शिट्टी फुंकतो.
मला ऐकू येते. त्याला
ओठांवर नुसती हवेची थरथर.
उत्तर नाही. पुन्हा फुंकतो. नाही.
मग फार लांबून, सुईत दोरा ओवावा तसा
एक स्वर.
मी त्याची बाही धरते, बोट दाखवते.
तो बघतो. फांद्या. फांद्यांवर बर्फ.
"खरंच ऐकलंस, की म्हाताऱ्याचं मन राखतेस?"

मी तोंड उघडायच्या आत
त्याच्या बुटाजवळचा बर्फ फुटला.
करडा-तपकिरी फडफडाट, तोंडावर बर्फाचा चुरा,
आणि पक्षी गेलाही झाडांआड, दुसराच कुणी.
हेल्दुर बसला. पडला म्हणा. हसतोय.

बर्फात वाडग्याएवढा खळगा,
रात्रभर कुणाच्या तरी श्वासानं गुळगुळीत झालेला.
एक पीस. थोडी शीट.
तो हातमोजा काढतो, हात आत घालतो.

वहीत दोनच रकाने आहेत: दिसला, ऐकू आला.
"कशात लिहू?" मी जोरात विचारते.
हात न काढता तो म्हणतो,
"थांब जरा. अजून गरम आहे."