मुकादम

म्हैस भिंतीतून आरपार जात होती.
मार्चचा शेवटचा आठवडा,
राजारामपुरीत अभिनंदनच्या खोलीवर
आम्ही पाच जण, तीन लॅपटॉप,
आणि पाणी नसलेला एक कूलर.

खेळ एवढाच होता:
पहाटे चारला म्हैस घेऊन निघायचं,
पेठेतले बोळ, कुत्री, आडवा लावलेला टेम्पो,
उजाडायच्या आत गंगावेशीत पोचायचं
आणि कट्ट्यावर धार काढून गिऱ्हाइकाचा ग्लास भरायचा.
सहा महिन्यांत होईल,
असं मीच सरांना लिहून दिलं होतं.

माझ्याकडे तक्ता होता.
लाल चौकोन, पिवळे चौकोन, हिरवे चौकोन.
"मुकादम आली," केतकी मगदूम म्हणायची,
"आता विचारणार, किती मोळ्या बांधल्या?"
मी विचारायचे.

तिनं शिंगांवर अकरा दिवस घालवले.
शिंगं कोण बघतंय, मी म्हटलं.
"मी बघतो की," ती म्हणाली,
आमच्याकडच्या पोरी म्हणतात तसं,
आणि बाराव्या दिवशीही शिंगंच काढत बसली.

इर्शाद मुजावर आवाज करायचा.
म्हणजे बोलायचा कमी; खुरांचा, साखळीचा,
शटर वर जाण्याचा आवाज गोळा करून आणायचा.
ऑगस्टात त्यानं पाणी आणलं.
पुराचा टप्पा करूया म्हणाला,
म्हैस पोहते, लोकांना माहीत नसतं.

जानेवारीत मी तो चौकोन राखाडी केला.
राखाडी म्हणजे रद्द,
हे तक्त्याखाली लिहायचं राहिलं.
त्यानं विचारलं, मी सांगितलं.
"चालतंय की," म्हणाला.

चालतंय की म्हणजे चालतंय असं नसतं,
हे इथंच जन्मून
मला ठाऊक असायला हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी म्हैस भिंतीतून गेली नाही.
चौकात अडकली, जागच्या जागी चालत राहिली.
बाहेरून आलेले परीक्षक हसले,
"आणि ग्लास भरला की संपलं?"
अभिनंदन म्हणाला, "नाही सर,
मग दुसऱ्या दिवशीची पहाट होते."
तसं काही आम्ही लिहिलेलंच नव्हतं.
त्याचे दोन मार्क जास्त मिळाले असावेत.

आता माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत.
तक्ता आपोआप रंगतो.

परवा जुनी डिस्क उघडली.
शिंगं खरंच सुंदर होती, धार लागेल अशी.
'आवाज' फोल्डरमध्ये, सगळ्यात खाली,
पाण्याची फाइल.
मी इतकी वर्षं समजत होते, पंचगंगेचा घाट.
फाइलचं नाव होतं: आमचं स्वयंपाकघर.

पाणी. मग एक पातेलं,
तरंगत जाऊन कशावर तरी आपटणारं,
पुन्हा आपटणारं,
आणि मागून एका बाईचा आवाज:
"इर्शाद, मोबाईल ठेव आधी. शेगडी उचल."

एक मिनिट चौदा सेकंद.
मी कधीच ऐकली नव्हती.
'आवाज' हा चौकोन तेव्हा
हिरवा होता.