पहिला पूल

रिक्स्ट पूल उचलते. एकतीस उन्हाळे झाले.
तळ्यातून निघालेली होडी, कोणाचीही असो,
आधी तिच्याच पुलाशी येते.
मग ती गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
होडीवर झुलता सोडते,
नाणी खणखणली की हात वर करते: जा.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागदावर स्तन काढला
(काढला म्हणजे रेखाटला,
या खोलीत शब्द जपून वापरावे लागतात),
काख काढली, मधून एक वाट नेली
आणि म्हणाल्या, "गाठीतून काही निसटलं असेल
तर ते आधी इथं येणार, या पहिल्या ग्रंथीत.
ही पहारेकरीण. हिलाच विचारू,"
तेव्हा रिक्स्ट एवढंच म्हणाली,
"कळलं. जकात नाका."

मावशीच्या वेळी नाक्याला कोणी विचारलं नव्हतं.
अख्खी काख उपसली, बावीस ग्रंथी,
मागाहून कळलं, बावीसही निर्दोष.
हात मात्र जन्मभर सुजलेला.
स्वेटरची एक बाही उसवून रुंद केलेली,
आणि मावशी तो हात
दुसऱ्याच्या मुलासारखा मांडीवर घेऊन बसायची.

आदल्या दिवशी लेउवार्डनला
किरणोत्सारी थेंब टोचले,
सकाळी भूल चढल्यावर निळा रंग.
पेनाएवढी नळी काखेवरून फिरली:
टिक.
टिक.
मग एका जागी वेड्यासारखी टिकटिकटिकटिक.
काखेत कळसा नि गावाला वळसा,
ही म्हण तिकडच्या भाषेत नाही.
यंत्राला मात्र येत असावी.

रिक्स्टला ऐकू आलं नाही.
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच
कोणीतरी पुलाशी येऊन भोंगा वाजवत होतं
आणि ती झोपून होती.

निघाली वालाच्या दाण्याएवढी, निळी.
शेजारची एक, तीही जरा बोलत होती म्हणून.
दोघी बरणीतून खालच्या मजल्यावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी लघवी मोरपंखी.
रिक्स्ट संडासात एकटीच हसली,
टाके दुखेपर्यंत.

आता आठवा दिवस.
उजवा हात जपायचा म्हणून बूट डाव्या हाताने,
सकाळपासून पाच युरो पाण्यात.
सव्वातीनला खिशात फोन थरथरला.
त्याच क्षणी तळ्याकडून भोंगा:
लांब, आखूड, लांब.
तिने नंबर पाहिला.
डोलकाठी उंच होती, वारा मागचा,
त्या माणसाला आता थांबणं जमणार नव्हतं.

तिने फाटक पाडलं. लाल दिवा.
सायकलवरची पोरं एक पाय टेकून उभी.
पूल कण्हत वर गेला.

फोन दुसऱ्यांदा थरथरला तेव्हा
बूट हवेतच होता
आणि होडीतला माणूस
सुटे शोधत खिसे चाचपत होता.