चौघीच

आमच्या गल्लीत सरकार म्हणजे
इरण्णाच्या हातातली लोखंडी चावी.
पाचव्या दिवशी, रात्री कधीतरी तो येतो,
रस्त्यातलं झाकण पायानं सरकवतो,
वाकतो, फिरवतो.
नगरसेवकाच्या बोळाला सात फेरे, आम्हाला साडेतीन.
मी मोजलेत.

त्या आठवड्यात जमावबंदी होती.
कशावरून पेटलं ते आता कुणी नीट सांगत नाही.
अशोक चौकात गाडी, भोंग्यावर तेच तेच:
पाच किंवा पाचपेक्षा अधिक इसमांनी…
माग बंद. पूर्व भागात खटखट नसली
की झोप येत नाही कुणाला.

आणि दोन वाजता पाणी आलं.
कोपऱ्यावर नळ एक, बायका तीस-पस्तीस.
तरण्या शिपायानं काठी आडवी धरली,
घसा बसलेला,
"चौघी थांबा. बाकीच्या घरात."

नरसम्मा बोद्दुल पुढं झाली.
चाळीस वर्षं विड्या वळून तिचं बोट
कुणाकडं रोखलं तरी वाकडंच दिसतं.
हजार विड्या दिल्या की मुनीम
शंभर छाट काढतो, कारण सांगत नाही;
मोजणारा कसा असतो ते तिला ठाऊक.
म्हणाली, "चौघीच हाय की आम्ही.
बाकी घागरी."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.
शिपायानं काठी खाली घेतली नाही.
नुसतं तोंड फिरवलं बंद शटरकडं,
आणि त्यावरची विम्याची जाहिरात
वाचत राहिला वीस मिनिटं.

मी तेव्हा दहावीत. शाळेत सांगितलेलं,
या गावानं एकदा तीन-चार दिवस
सरकारशिवाय काढले.
मी विचारलं, मग तेव्हा नळ कोण सोडायचं?
बाई म्हणाल्या, परीक्षेला नाही ते.

अजून ठरवता येत नाही,
ती वीस मिनिटं आमची होती
का त्यानं दिलेली.
नरसम्माला विचारलं तर म्हणते,
दोन हंडे भरले. तिसरा अर्धा.

धार बारीक झाली, मग नुसती हवा.
इरण्णानं चावी खांद्यावर टाकली
आणि कुणाकडं न बघता गेला.

सकाळी गाडी परत फिरली. पाच किंवा पाचपेक्षा…
नळापाशी रिकाम्या घागरी होत्या,
स्टीलच्या, प्लास्टिकच्या,
एक तांब्याची, गळ्यात सुतळी,
कडेला कड लावून, चाळीसच्या वर,
रात्रीच्या जागेवरून हलल्या नव्हत्या.