एक हसू उशिरा

मंगळवार, दुपारचा साडेतीनचा खेळ.
बोल्टनमध्ये आज ऊन पडलंय, म्हणजे थिएटर ओस.
सात तिकिटं फाडली मी,
त्यातली दोन एकाच माणसाची.
"दुसरं कोण येतंय?"
"कुणी नाही," नॉरिस एंटविसल म्हणाला,
"पण तिच्या खुर्चीत कुणाचा ओला कोट नको."

सिनेमा 'नऊ नंबरचा डेपो'.
मूळची मालिका माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची.
दर शुक्रवारी रात्री आठ वाजता
अख्खी गल्ली तिच्यापायी चहा गार करायची.
एक कँटीन, चार टेबलं,
खिडकीबाहेर रंगवलेली बस, कधीच न सुटणारी.
आणि ती किटली,
इन्स्पेक्टर खोटं बोलला की शिट्टी मारणारी.
बास. सात वर्षं लोक एवढ्यावर हसले.

आता बस सुटते.
सुटते कसली, पुलावरून उडते,
नदीवर गिरकी घेऊन पलीकडच्या लग्नात उतरते.
कँटीनमध्ये लग्न लावता येईल एवढी जागा,
इन्स्पेक्टरचं पोट सपाट,
आणि किटली संगणकाने घडवलेली, तिला डोळे आहेत.
प्रत्येक विनोदानंतर ती डोळा मारते,
कळलं ना? कळलं ना?

नोकरीच अशी, की मी हा सिनेमा अकरा वेळा पाहिलाय.
एक जागा मात्र कधी उलगडली नाही.
मध्यंतराच्या जरा आधी इन्स्पेक्टर म्हणतो,
"उशीर? आयुष्यात कधी केला नाही मी."
किटली वाजते. ठीक.
मग तो थांबतो.
चांगले चार सेकंद.
डावीकडे, वर, कुठेतरी बघतो
आणि एका बोटाने टोपी किंचित उचलतो,
या बाई, या, म्हणावं तसा.
तिथे कुणी नाही. छत आहे.
मला वाटायचं, कापणाऱ्याला डुलकी लागली असेल.

आज त्या चार सेकंदांत
एफ रांगेतून आवाज आला.
आधी उचकी,
मग न वंगणलेल्या दाराची कुरकुर,
मग पिशवी फाटून बटाटे जिन्यावरून घरंगळत जावेत तसं
गडगडत खाली आलेलं
एका बाईचं हसू,
म्हाताऱ्या पुरुषाच्या घशातून.
पुढच्या रांगेतली पोरं वळली. एकाने मोबाइलचा उजेड टाकला.
मी टॉर्च घेऊन गेलो, नियम आहे म्हणून,
आणि काय बोलायचं ते न सुचून
परत आलो.

नंतर, बाहेर, पेपर कपातल्या चहावर:
"आमच्या डोरीनची ट्यूब उशिरा पेटायची.
चौऱ्याहत्तर साली मँचेस्टरला गेलो, स्टुडिओत,
गिरणीतल्या फोरमनने दिलेले फुकट पास.
तीनशे माणसं हसून गप्प झाली
आणि मग ही. एकटीच.
नट थांबला. वर बघितलं. टोपी उचलली.
लिहिलेलं नव्हतं रे ते कुठे.
घरी येईपर्यंत बसमध्ये तोंडावरचा हात काढला नाही तिने.
पण टेपवर राहिली.
जितक्यांदा दाखवलं तितक्यांदा हसली.
चार वर्षं झाली जाऊन; शुक्रवारी मी अजून लावतो."

त्याने कपाची कड दातांनी कुरतडली.
"नव्या पोराने पाठ मात्र झकास केलंय.
बोटसुद्धा तेच.
कुणासाठी थांबायचं, तेवढं कुणी सांगितलेलं दिसत नाही त्याला."
मग मफलर शोधायला लागला. गळ्यातच होता.

सहाच्या खेळाला बरी गर्दी.
मी मागे झाडू धरून उभा.
किटली वाजली, टोपी वर गेली,
कुणाचं तरी पॉपकॉर्न चावायचं थांबलं.
एक. दोन.
तीनला माझ्या छातीत उचकीसारखं काहीतरी,
आणि माझा हात, मला न विचारता,
तोंडावर.