दांडी

हेल्गीने आधी शिडीच केली.
चार दांड्या, एकीवर एक, चढत्या,
आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला,
"जिची जशी पायरी."
मी काही बोलले नाही.
चाळीस वर्षं बोटीवर काढून आलेल्या भावाला
कोंबड्यांचं लगेच काय सांगायचं.

संध्याकाळी अकराही जणींना
एकच पायरी हवी होती, सगळ्यात वरची.
ढकलाढकली, टोचाटोची, एक धप्पकन खाली,
तिच्या अंगावर दुसरी.
खालच्या दांडीवर ज्या राहिल्या
त्यांच्या पाठीवर सकाळी वरच्यांची शीट वाळलेली.
"बोटीवर असंच असतं," हेल्गी म्हणाला.
"म्हणून तर उतरलास ना," मी म्हटलं.

मग सगळं उपटलं.
आता सगळ्या दांड्या एका उंचीवर,
माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं,
भिंतीपासून हातभर लांब, शेपट्या घासू नयेत म्हणून.
अंड्यांच्या पेट्यांपेक्षा मात्र उंच,
नाहीतर पेटीतच झोपतात बयाबाई
आणि अंडी धूत आपण बसायचं.
वासा आडवा ठेव, रुंद बाजू वर,
हे मी त्याला तीनदा सांगितलं.
इथे गिमलीच्या उत्तरेला, सरोवर गोठलं
की उणे तीस ही काही बातमी नसते.
कोंबडी बसली की तिची बोटं
तिच्याच पोटाखाली झाकली गेली पाहिजेत.
गोल काठी धरायला बोटं खाली वळतात,
आणि खाली वळलेली बोटं
जानेवारी मोजून घेतो.
ब्रिन्याची दोन त्याने मागच्या वर्षी नेली.

वासे दोनच निघाले. तिसऱ्या जागी
हेल्गीने शेडमधून बाबांचं वल्हं आणलं.
कापणार नाही म्हणाला.
अर्थात खुराडं सहा फुटांचं, वल्हं नऊचं.
म्हणून त्याने भिंतीला भोक पाडलं
आणि पातं बाहेर काढलं, बर्फात.
लांबून बघितलं तर खुराडं
एकाच वल्ह्याने सरोवराकडे निघालेलं,
म्हणजे गोल गोल फिरणार, दुसरं काय.
आतमध्ये बाबांच्या चाळीस वसंतांचं व्हार्निश,
त्यावरून कोंबड्या एकेक घसरत होत्या.
हेल्गी बादली उलटी घालून तिच्यावर बसला
आणि हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी काही न बोलता
त्याने वल्हं फिरवलं.
पातं आत, मूठ बाहेर.
भोकात लोकरीचा जुना मोजा कोंबला.
पात्याला कानस मारली, कडा गोल केल्या,
आणि ते इतरांपेक्षा वीतभर खाली बसवलं.
"एका उंचीवर म्हणाली होतीस," तो म्हणाला.
"हो," मी म्हटलं, "पण ब्रिन्याला उडी जमत नाही."
"तेच," तो म्हणाला.

अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन मोजायला गेले.
वर दहा, अंगाला अंग लावून,
कोपऱ्यातल्या जागेवरून अजून कुरकुर चालू.
खाली पात्यावर ब्रिन्या एकटी, फुगून बसलेली,
पाय कुठे दिसतच नव्हते.
परत येताना वाट निसरडी होती,
बाहेर आलेली मूठ हाताला लागली.
धरली. तिथे लाकूड बाबांनी झिजवलेलं आहे,
दोन्ही तळव्यांना बरोबर बसतं.

घरात आले तर हेल्गी कोचावर झोपलेला,
नोव्हेंबरपासून तिथेच झोपतो.
"दोन दिवसांसाठी आलोय," अजून म्हणतो.
पांघरूण पुरत नाही,
पाय कोचाच्या हातावरून बाहेर,
बोटं उघडी.

आईच्या खोलीतलं शिलाईचं टेबल
उद्या हलवायला हवं.
तो सहा फूट एक, की दोन?
टेप त्याच्याच खिशात आहे.