नंबर रोडेलचा

इथे हिवाळासुद्धा कंत्राटावर येतो.
नोव्हेंबरच्या शेवटी हजर, मार्चच्या आधी रवाना,
म्हणून आम्ही त्याच्याकडून पुरेपूर काम करून घेतो:
शुक्रवारी पहाटे पावणेपाच, साल्मिया,
मत्स्यालयामागच्या पार्किंगमध्ये
तीन गाड्या, एक सायकल, आणि कठड्यावर बसलेली
आमच्याहून शहाणी मांजरं.

लिनेट हॉस्पिटलातून रात्री अकराला घरी पोचते,
चारला पुन्हा उठते.
विचारलं तर म्हणते, झोप फेब्रुवारीनंतर.
तौफीक शाळेत भूगोल शिकवतो,
वाऱ्याचं आधी नाव सांगतो, मग त्याला शिव्या देतो.
बू फवाझ अग्निशमन दलातून निवृत्त.
पळतो बेताचंच, पण थर्मास त्याचा, केशर त्याचं,
आणि ‘यल्ला’सुद्धा त्याचंच.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
सहा दिवस लोकांना वर-खाली नेतो,
सातव्या दिवशी स्वतःला आडवा.
डोक्यावर माकडटोपी, कराडच्या स्टँडवर घेतलेली;
पारा सात अंशांवर असताना
पहिले दोन किलोमीटर तिची चेष्टा होते,
तिसऱ्यापासून तौफीक ती मागायला लागतो.

आणि रोडेल.
बेकरीतला, हातांना कायम यीस्टचा वास.
सगळ्यांच्या पुढे पळायचा आणि मोठ्याने मोजायचा,
इसा, दालावा, तात्लो,
आम्ही त्याच्या आकड्यांवर पाय टाकायचो.
मला भाऊ म्हणायचा, त्याच्या तोंडी त्याचं ‘बाव’ व्हायचं.
तीन हिवाळे एकच विचारलं त्याने:
बाव, तू शर्यतीत का नाही?
मी म्हणायचो, मी आपला सरावापुरता.
खरं म्हणजे अठरा दिनार.
चौदा वर्षं झाली,
दिनाराला रुपयाने गुणू नये
हे मला अजून जमलेलं नाही.

जानेवारीत बेकरीचा मालक बदलला.
नव्याने स्वतःची माणसं आणली.
रोडेलने सायकल विकली, गादी कुणाला तरी देऊन टाकली,
आणि विमानतळावर जाताना टॅक्सीच्या खिडकीतून
एक पाकीट माझ्या हातात कोंबलं:
चार सेफ्टी पिना, नंबर ४१७, खाली त्याचं नाव.
पैसे भरलेत, म्हणाला. वाया घालवू नकोस.

शर्यतीच्या सकाळी धुकं असं
की मनोऱ्यांचे निळे गोळे तेवढे वर तरंगत होते,
खांब नव्हतेच.
छातीवर दुसऱ्याचं नाव टाचून मी उभा.
आठव्या किलोमीटरला माईकवाला ओरडला, शाब्बास रोडेल!
मी मागे वळून पाहिलं.
खरंच पाहिलं.

पंधराव्याला वारा समोरून आला.
शमाल, एवढंच म्हणाला तौफीक,
शिव्यांपुरता दम उरला नव्हता.
अठराव्याला त्याच्या पोटरीत गोळा आला.
फुटपाथच्या कडेला बसून तो हात हलवत राहिला,
जा, जा,
आणि मी गेलो.
लिनेट थांबली.

मी मोजत गेलो, इसा, दालावा, तात्लो,
त्यापुढचे आकडे कधी शिकलोच नव्हतो,
म्हणून परत इसा.

एक तास अठ्ठावन्न मिनिटं एक्केचाळीस सेकंद.
बू फवाझने चहा दिला, बोलला काहीच नाही.
बऱ्याच वेळाने लिनेटच्या खांद्यावर भार टाकून
तौफीक लंगडत आला, आणि पहिला प्रश्न, किती?
मी सांगितलं.
खिशातली माकडटोपी काढून त्याच्या डोक्यावर चढवली.
हे पुरेसं नव्हतं, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

रात्री बातांगासहून निरोप आला.
निकाल त्याच्या मेलवर गेला होता,
अभिनंदन, रोडेल माकारेग,
किलोमीटरवार तपशीलासकट.
खाली त्याने लिहिलं होतं:
बाव, बरा पळालो की मी.
पण शेवटच्या तीनला
एवढी कसली घाई होती मला?